संधी देण्यात आली

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं नाव बघून तू हे फाडायला घेशील. फाड, पण वाचून मग फाड. तुकडे जोडून वाचायला तुझा चष्मा पुरायचा नाही, आणि दादाकडून वाचून घ्यायचं तर तिसऱ्या ओळीला त्याचा डोळा लागतो.

चौदा वर्षं दर रविवारी दादाचा फोन येतो आणि मागे तुझी भांडी वाजतात. मला आता भांड्यांवरून तुझी तब्येत कळते. गेल्या महिन्यात दोन रविवार काहीच वाजलं नाही. मी घाबरून विचारलं, तर म्हणाला, तिचा हात मुरगळलाय. आता बरा आहे ना? शेकत जा. तुला शेकायचा कंटाळा, मला माहीत आहे.

पत्राचं कारण आधी सांगते, उगाच जीव टांगणीला नको. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. भूमितीवाले घरी आले होते.

हो, तेच. वेळापत्रकावरून माझ्याशी वीस वर्षं भांडलेले, नाकावर माशी बसू न देणारे. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, शाळेतल्या सगळ्यांची कधी ना कधी आठवण आली, फक्त ह्या माणसाची आली नव्हती. दारात उभे. चपला काढताना भिंतीचा आधार घेतला. बसले आणि पाच मिनिटं पंख्याकडे बघत राहिले. मला वाटलं पंखा बिघडलाय.

"माझी चौकशी लागलीय," म्हणाले.

नववीच्या वर्गात एका मुलीला फळ्यावरच्या लाकडी कंपासने मारलं, असा आरोप आहे. मुलीच्या मनगटाला जखम झाली. हे निलंबित आहेत. आरोप सिद्ध झाला तर बडतर्फ होणार, निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना. घरी म्हाताऱ्या आईला सांगायचा धीर झालेला नाही. रोज सकाळी डबा घेऊन शाळेच्या वेळेला निघतात, दिवसभर वाचनालयात बसतात, दुपारी बाहेरच्या पायरीवर डबा खातात, शाळा सुटायच्या वेळेला घरी जातात. आई विचारते, आज मुलं कशी होती? हे सांगतात, बरी होती.

चौकशी समिती तिघांची. एक संस्थेचा माणूस, म्हणजे आपले सचिव, अजून तेच आहेत. एक बाहेरच्या, दुसऱ्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, त्या अध्यक्ष. तिसरा ज्याची चौकशी त्याने निवडायचा. ह्यांनी मला निवडलंय.

मी हसलेच. म्हटलं, "अहो, मला तुम्ही अजिबात आवडत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर आलो. मला माझी बाजू घेणारं कोणी नकोय. निकाल देण्याआधी सगळं विचारून घेणारं हवंय." आणि उठता उठता म्हणाले, "तुमच्या वहिनींच्या वेळी मी बाहेर बाकावर त्यांच्याशेजारी बसलो होतो."

चहा अर्धा ठेवून गेले.

वहिनी, परीक्षेत एका मुलाला उत्तर सांगितलंस असा तुझ्यावर आरोप आला, दोन बैठका झाल्या आणि तुला काढलं. मुलाची नजर अधू होती, तू त्याला फक्त प्रश्न वाचून दाखवला होतास, हे साऱ्या शाळेला माहीत होतं. त्यानंतर तू शाळेत पाऊल टाकलं नाहीस आणि माझ्या घरातही. दादाला घेऊन एवढ्या लांब निघून गेलीस. दादाला अजून वाटतं की आपण आईच्या शिवणयंत्रावरून भांडलोय. परवाही म्हणाला, "देऊन टाक ना तिला ते मशीन, मिटवा एकदाचं." मी "बघू" म्हटलं. तूही त्याला काही बोलली नाहीस, हे मला त्यावरूनच कळतं.

समितीवर जाऊ की नको? एक शब्द लिहिलास तरी पुरे.

तुझी वन्सं
(आधी मैत्रीण, मग नणंद. तूच म्हणायचीस, बाईंची बढती नाही, पदावनती झाली.)


२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझा शब्द काही आला नाही. दादा म्हणाला, तिने पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. फाडलं नाहीस ना, मग मी खूश. पिठाच्या डब्याखाली तू काय काय ठेवतेस ते मला ठाऊक आहे. निरुपयोगी काही नसतं तिथे.

तुझी वाट बघून मी हो म्हणून टाकलं. काल पहिली बैठक झाली.

खोली तीच, ग्रंथालयाला लागून असलेली. टेबलावर तीच काच आणि काचेखाली कुठल्या तरी जुन्या वर्षाचं वेळापत्रक, माझ्या नावापुढे शेवटचे तीन तास ओळीने लावलेले. कोणी लावले असतील सांग! आणि ती डुगडुगणारी खुर्चीही आहे अजून, एका पायाखाली पुठ्ठा घातलेली. ज्याची चौकशी त्याला तीच देतात. भूमितीवाले बसले तर खुर्ची कुरकुरली आणि ते आणखीच ताठ झाले. अध्यक्षबाई उठल्या, स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे ढकलली आणि म्हणाल्या, "ती मला द्या, मी हलकी आहे." सचिवांची धावपळ झाली. दोन मिनिटांत चौथी धड खुर्ची आली. इतक्या वर्षांत ती कोणाला सापडली नव्हती.

ह्या अध्यक्षबाई तुला आवडल्या असत्या. एवढ्याशा, आणि आवाज इतका हळू की सगळ्यांना गप्प बसावंच लागतं. त्यांचा पहिला प्रश्न, "यांना आरोपपत्र कधी दिलं?"

सचिवांनी काय पुढे केलं असेल? सूचनावही! शिपाई वर्गावर्गातून फिरवतो ती. आपण कधी वाचली होती ग ती? एका हातात खडू, एक डोळा मागच्या बाकावरच्या दंग्याकडे, आणि तशीच सही ठोकायची. तू अशीच सही केलीस आणि संध्याकाळी कळलं की शाळेच्या नाटकात तू अस्वलाचं काम करायला कबूल झाली आहेस. काय अस्वल झालं होतं! लहान मुलं आठवडाभर तुझ्या तासाला बसेनात.

तर भूमितीवाल्यांचीही तशीच सही होती. वर लिहिलेलं, "आरोपाचा मजकूर कार्यालयात येऊन पाहावा."

सचिव म्हणाले, "सही आहे म्हणजे मिळालं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, त्या पानावर ‘मी उद्यापासून चंद्रावर राहायला जाणार’ असं लिहिलं असतं तरी त्यांनी सही केली असती. आम्ही सगळ्यांनीच केली असती."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "आरोपपत्र हातात द्या. साक्षीदारांचे जबाब, इतर कागद, सगळ्यांच्या प्रती सोबत द्या. उत्तराला पंधरा दिवस."

"बाई, बाहेर बोभाटा झालाय. पालक रोज येऊन विचारतात. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, उगाच लांबण लावायची..."

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी आजच आले."

वहिनी, तुला तीन दिवस दिले होते. त्यातला एक रविवार. प्रती दिल्याच नव्हत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मी काही बोलले नव्हते. तेवढं आज लिहिते. बाकीचं लिहायला अजून बळ नाही.

हात कसा आहे? दादाला विचारलं तर म्हणतो, "ठीक." त्याचा पाय मोडला तरी "ठीक" असतं.

तुझी वन्सं


१३ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र चार दिवस लिहितेय. तीन दिवस नुसती तारीख बदलली.

दुसरी बैठक झाली. मुलांचे जबाब आले, सत्तावीस. मी चाळले आणि मला पेपर तपासायला बसल्यासारखं झालं. सत्तावीस पानांवर एकच मजकूर. "सर वर्गात आले. त्यांनी रागाच्या भरात आमच्या वर्गमैत्रिणीस लाकडी कंपासने मारले. त्यामुळे तिच्या मनगटास इजा झाली." नववीतली पोरं आणि "मनगटास"! ह्यांना घरून पत्र आणायला सांगितलं तर "आई बोलली की ताप आलता" असं आणतात. सत्तावीस उत्तरपत्रिका एकसारख्या निघाल्या की आपण काय म्हणतो, ते तुला सांगायला नको. पण मी समितीवर, मी भूमितीवाल्यांना काही सुचवायचं नाही. प्रती त्यांच्या हातात आहेत, त्यांनी बघायचं. मी जीभ चावून बसले.

मग संस्थेची बाजू मांडून झाली. भूमितीवाले बाहेर बाकावर होते, त्यांना आत बोलवायचं बाकी होतं. तेवढ्यात सचिवांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "इतिवृत्ताचा नमुना आणलाय, वेळ वाचेल. तुमचं अक्षर सुरेख, पक्कं तुम्हीच लिहा."

जुना, पिवळा पडलेला कागद. त्यावर "शिक्षिकेस" होतं, ते पेन्सिलीने खोडून वर "शिक्षकास" केलेलं. आणि ओळ होती, "सदर शिक्षिकेस साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी देण्यात आली. त्यांनी ती नाकारली."

ते अक्षर माझं होतं, वहिनी. तो तुझ्या फायलीतला कागद होता.

"चौदा वर्षं हाच वापरतो," सचिव म्हणाले. "कुठे अडत नाही." मी विचारलं, किती जणांना वापरला? "पाच-सहा असतील."

मी म्हटलं, "ते बाहेर बसलेत. त्यांना कोणी काही विचारलेलंच नाही."

"विचारू की. नाहीच म्हणतील."

"मग आधी विचारू. नाही म्हणाले तर लिहू."

अध्यक्षबाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "आणि ह्यातली ही ओळ खोटी आहे."

त्यांनी कागद स्वतःच्या फायलीत ठेवला आणि बैठक पुढे ढकलली.

तुला हे सगळं माहीत आहे. निकालासोबत तुला इतिवृत्ताची प्रत मिळाली, आणि माझं अक्षर तुला अंधारातही ओळखू येईल. किती वर्षं आपण एका टेबलावर पेपर तपासले. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला वर्गातून बोलावून घेतलं, कच्चं झालंय, पक्कं लिहून द्या म्हणून. सचिव सांगत होते, मी लिहीत होते, तू बाहेर होतीस. ती ओळ आली तेव्हा माझं पेन थांबलं. मी सचिवांकडे पाहिलं. ते म्हणाले, "औपचारिकता आहे हो. समज देऊन सोडणार आहोत, कशाला लांबवायचं?" मी विश्वास ठेवला आणि लिहिलं. आठवड्याने तुला बडतर्फीचा कागद आला.

मी तुझ्या दारात आले होते. तू दार उघडलं नाहीस. दादा खिडकीतून विचारत होता, काय झालं ग तुमचं? शिवणयंत्राची गोष्ट तेव्हा मीच त्याला सांगितली. तोंडाला आलं ते बोलले. तू चौदा वर्षं ती तशीच चालू दिलीस, माझी अब्रू राखलीस. मी तुझी नोकरीही राखली नाही.

वन्सं


२८ मार्च

प्रिय वहिनी,

रविवारी भांडी वाजली नाहीत. दादाला विचारलं, हात दुखतोय का? म्हणाला, "हात नाही. ती इथे माझ्या शेजारीच बसलीय. ऐकतेय बहुतेक." मी मग हवापाण्याचं दहा मिनिटं बोलले. इतकं हवापाणी आमच्याकडे नाहीये.

आता ऐक, काल काय झालं. तुझ्याखेरीज कोणाला सांगून मजा नाही.

भूमितीवाल्यांना विचारलं, साक्षीदारांना प्रश्न विचारायचेत का? ते उठले. हातात चार पानं प्रश्न. मला धडकी भरली. हा माणूस पोरांवर ओरडणार आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार! पण अध्यक्षबाईंनी आधीच नियम घातले. मुलं एकेक आत येतील, सोबत आई किंवा वडील बसतील. सरांनी प्रश्न मला सांगायचा, मी मुलाला विचारीन. कोणी आवाज चढवायचा नाही.

त्यांनी चारही पानं एकदा चाळली. मग घडी घालून खिशात टाकली. म्हणाले, "मला एकाच मुलीला विचारायचंय. पटावरच्या एकोणिसाव्या."

मुलगी आली. दोन वेण्या, एक सुटलेली. आईला चिकटून बसली.

"तिला विचारा, त्या दिवशी कंपास माझ्या कुठल्या हातात होता?"

अध्यक्षबाईंनी विचारलं. मुलगी आईकडे बघायला लागली, मग टेबलाकडे. मग म्हणाली, "मला नाही माहीत. मी त्या दिवशी आले नव्हते. मला कांजिण्या झाल्या होत्या."

सचिवांनी चष्मा काढला. अध्यक्षबाई नेहमीपेक्षाही हळू बोलल्या, "बाळा, मग हा जबाब तू कसा लिहिलास?"

"वर्गाच्या बाईंनी फळ्यावर लिहिला होता. सगळ्यांनी उतरवून घेतला. मीही घेतला." आणि घाबरून, "मी पूर्ण उतरवलाय. एकही ओळ राहिली नाही."

भूमितीवाल्यांनी हजेरीपट उघडून ठेवला. त्या दिवशी हजर सव्वीस, जबाब सत्तावीस. गणिताच्या माणसाने आधी मोजलं, मी मजकूर वाचत बसले.

मग अध्यक्षबाईंनी गठ्ठ्यातून एक पान काढून माझ्यापुढे धरलं. जिला लागलं त्या मुलीचा जबाब. तिनेही लिहिलं होतं, "आमच्या वर्गमैत्रिणीस मारले."

वर्गशिक्षिकेला बोलावलं. बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, "पोरं वाटेल तसं लिहितात. वर साहेबांकडे जाणार म्हणून मी नीट मजकूर करून दिला. माझ्या मनात काही नव्हतं." खरंच नव्हतं, वहिनी. आठवड्यापूर्वी तिने मुलांना सहलीचं वर्णनही असंच फळ्यावर लिहून दिलं होतं.

जबाब नव्याने घेतले, एकेकाचे, तोंडी. जिला लागलं ती मुलगी सरळ बोलली. "सर ओरडले आणि कंपास टेबलावर आपटला. तो मोडला. तुकडा उडून मला लागला, मी पहिल्या बाकावर बसते." मग घरी मारलं असं का सांगितलंस? "आईने विचारलं, सरांमुळे लागलं का? मी हो म्हटलं." आई शेजारीच होती. तिने मान खाली घातली.

अध्यक्षबाई भूमितीवाल्यांकडे वळल्या. मला वाटलं आता हे जितंमया करतील. ते म्हणाले, "आपटला. गाढवं म्हणून ओरडलोही. ते चूक होतं. पोरीच्या डोळ्याला लागलं असतं." आणि मुलीकडे बघून, "दुखतंय का अजून?" तिने मनगट पुढे करून दाखवलं. खपली निघून गुलाबी कातडी आलीय.

मला हा माणूस अजूनही आवडत नाही. पण काल थोडा कमी नावडला.

तुझी वन्सं


१० एप्रिल

प्रिय वहिनी,

निकाल लागला. मारल्याचा आरोप सिद्ध नाही. वर्गात रागाने वस्तू आपटली, अपशब्द वापरले, त्याबद्दल लेखी ठपका. नोकरी राहिली. सचिवांनी वेगळं मत नोंदवलं, तो त्यांचा हक्क आहे. अध्यक्षबाईंनी तेही शब्दशः जोडलं.

भूमितीवाले दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले ते शाळेत गेले. संध्याकाळी माझ्याकडे आले, पेढे-बिढे काही नाही, नुसते हात हलवत. म्हणाले, "आज घरी गेलो. आईने विचारलं मुलं कशी होती, मी म्हटलं वाईट होती. खूप बरं वाटलं." मग माझ्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे म्हणून दहा मिनिटं वाद घातला. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

आता आपलं.

अहवाल दिल्यावर मी संस्थेला स्वतंत्र लेखी दिलंय. सोबत प्रत जोडली आहे, बघ. लिहिलंय की तुझ्या चौकशीचं इतिवृत्त मी लिहिलं. त्या दिवशी तुला आत बोलावलं नव्हतं. प्रश्न विचारायची संधी दिली नव्हती. ती तू नाकारलीस हे वाक्य खोटं आहे आणि ते माझ्या हातचं आहे. अध्यक्षबाईंनी तो पिवळा कागद त्याला जोडला आणि म्हणाल्या, "ह्याचा नमुना म्हणून आता उपयोग होणार नाही." सचिव म्हणाले, प्रकरण केव्हाच बंद झालंय, काही करता येत नाही. आवक शिक्का मात्र त्यांना मारावा लागला. मी समोर उभी राहून मारून घेतला.

तुझी नोकरी ह्याने परत येत नाही. तुझं निवृत्तीचं वयही उलटून गेलं. मी करून करून वरातीमागून घोडं केलं. पण तुझ्या फायलीत आता तुझं खरं आहे.

रविवारी दादालाही खरं सांगितलं. सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तिला मशीन नकोच होतं?" मी रडायच्या बेतात होते, हसूच आलं. मग तोही... तुला दिसलंच असेल, तू तिथेच होतीस ना?

माफी मागायला मला तोंड नाही. पण मला तू हवी आहेस. तुझ्या दाराशी भांडायला, तुझ्या चहाला नावं ठेवायला, तुझा हात शेकून द्यायला. तू नसताना मी दुसरी मैत्रीण केली नाही. केली असती, पण तुझ्यासारखी आगाऊ मिळाली नाही.

तुझी वन्सं


२४ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने दिलं आणि मी उंबऱ्यातच बसले. तो विचारत होता, पाणी आणू का?

चौदा वर्षांनी लिहिलंस आणि दोन ओळी. "बाकावरून तू दिसत होतीस. तुझं पेन कुठे थांबलं होतं?"

मी लगेच उत्तर लिहायला घेतलं नाही. आधी शाळेत गेले. सुट्टी आहे, शिपायाने उघडून दिलं. बाकावर बसले. समोरच खिडकी, आतलं टेबल, टेबलाशी बसलेल्या माणसाचा हात, सगळं लख्ख दिसतं. इतक्या वर्षांत माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. तू तिथून मला लिहिताना पाहिलंस, आणि नंतर प्रत हातात आल्यावर मी काय लिहीत होते ते वाचलंस.

नाही थांबलं.

पेन थांबल्याचं त्या मार्चमधल्या पत्रात लिहिलं ते खोटं. सचिव औपचारिकतेचं बोलले, तेही सगळं लिहून झाल्यावर, मुख्याध्यापकांशी, माझ्याशी नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला ओळीचा अर्थसुद्धा लिहिताना कळला नाही. मला बोलावलं, आत बसवलं, एवढ्या मोठ्या माणसांच्या पुढ्यात माझं अक्षर चांगलं म्हणून, ह्याचंच मला अप्रूप होतं. समास सरळ येतोय ना, शाई फुटत नाही ना, माझं सगळं लक्ष तिकडे. ओळ संपवून पुढच्या ओळीवर गेले आणि तेव्हा कळलं आपण काय लिहिलं. खोडता आलं असतं. विचारता आलं असतं, हिला विचारलंत का, ती बाहेरच आहे, बोलावू का? दार चार पावलांवर होतं. पण ते शेवटचं पान होतं आणि तोवर एकही खाडाखोड झालेली नव्हती. खोडलं तर पान खराब होईल असं मनात आलं. तुझं काय होईल हे नाही आलं. पान पूर्ण करून मी सही केली.

ह्यामागे दुसरं काही नव्हतं. भीती नव्हती, तुझा राग नव्हता, कोणी दटावलं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, असं वाटून मी पेन थांबवलं, चौदा वर्षांनी, पत्रात.

हे पहिलं उत्तर. तेव्हा तुला मला जे जे विचारायचं होतं, ते सगळं आता विचार. कितीही दिवस लागू देत. एका प्रश्नालाही मी नाही म्हणणार नाही.

वन्सं